पावसाळी, अंधाऱ्या हिवाळ्यात सायकलने कामावर जाणे : तुमचे अनुभव हवे आहेत

मुठेकाठची

नमस्कार. मी मूळची पुण्याची. गेल्या वसंतापासून मँचेस्टरच्या चॉर्ल्टन भागात राहते आणि ऑक्सफर्ड रोडवरच्या कार्यालयात सायकलने जाते. अंतर एका बाजूने सात किलोमीटरच्या आसपास आहे. सेंट वेर्बर्ग्ज रोडच्या ट्राम थांब्याजवळ फॅलोफील्ड लूपला लागायचे, फॅलोफील्डला बाहेर पडायचे आणि विल्म्स्लो रोडने सरळ शहराच्या दिशेने जायचे, असा माझा रस्ता. लूप म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेली वाट. मोटारी नाहीत, सिग्नल नाहीत, दोन्ही बाजूंनी झाडे. उन्हाळ्यात या वाटेने मला इतका आनंद दिला आहे की बसचा पास काढायचा विचारही मनात आला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे गेली आणि सगळे बदलले. आता परतताना मिट्ट काळोख असतो. डिसेंबरात इथे चारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी सव्वाआठनंतर उगवतो, म्हणजे लवकरच जातानाही अंधारच असणार. पाऊस आपल्याकडच्यासारखा कोसळत नाही, पण पाच-सहा अंश तापमानात बारीक बारीक तासन्‌तास पडत राहतो. लूपवर दिवे जवळजवळ नाहीतच, आणि गळलेल्या पानांचा ओला थर साचला आहे. आई रोज फोनवर एकच विचारते, "आज बसने गेलीस ना?"

मला सायकल सोडायची नाही. तरीही हट्टापायी धोका पत्करावा असेही वाटत नाही. दिवे कोणते घ्यावेत, पावसात काय घालावे, आणि बर्फ धरेल त्या दिवशी काय करावे, हे तीन प्रश्न आहेत. ज्यांनी असे हिवाळे काढले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटवाट

जरूर चालू ठेवा. मी लंडनमध्ये बारा महिने सायकलने कामावर जातो. सुरुवात दिव्यांपासून करू. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर हे ब्रिटनमध्ये कायद्यानेच लागते. १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलीच्या पेडलांना पिवळसर रिफ्लेक्टरही हवेत. मात्र कायद्याला पुरेसा असलेला दिवा लूपसारख्या वाटेवर पुरत नाही. शहरातल्या उजळ रस्त्यावर दिवा लागतो तो आपण इतरांना दिसावे म्हणून. काळोख्या वाटेवर आपल्यालाच पुढचा खड्डा दिसायला हवा. त्यासाठी चारशे-पाचशे ल्यूमेनचा (ल्यूमेन हे दिव्याच्या प्रकाशाचे माप) तरी दिवा घ्या आणि त्याचा झोत खाली, चाकापुढे काही मीटरवर पडेल असा लावा. मागे दोन दिवे असू द्या, कारण मागचा दिवा बंद पडला तर आपल्याला कळत नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून कार्यालयातही चार्जिंगची तार ठेवा. मी पुढचा आणि मागचा, दोन्ही दिवे लुकलुकते ठेवतो; चालकांचे लक्ष चटकन जाते.

उत्तरवारा

घाटवाट, बाकी सर्व मान्य, पण लुकलुकत्या दिव्याबाबत माझा ठाम विरोध आहे. मी म्युनिकला राहतो. जर्मनीत सायकलीला असा दिवा लावायची परवानगीच नाही आणि त्यामागचा विचार मला पटतो. दिवा लुकलुकत असला की सायकल किती अंतरावर आहे आणि किती वेगाने येते आहे, याचा अंदाज समोरच्याला नीट येत नाही. त्यातून लूपसारख्या अरुंद, काळोख्या वाटेवर तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांना नुसता त्रास आहे. इथल्या नियमांप्रमाणे बनवलेल्या दिव्यांचा झोत मोटारीच्या दिव्याप्रमाणे वरून कापलेला असतो: रस्ता उजळतो आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. मँचेस्टरलाही असे दिवे मागवता येतील.

शक्य असेल तर पुढच्या चाकाच्या आसातच डायनॅमो असलेले चाक बसवून घ्या. आपल्या लहानपणी टायरला घासून गुरगुरणारी डायनॅमोची बाटली असायची, तिच्याशी याचा काही संबंध नाही. सहा व्होल्ट, तीन वॅट इतकी वीज कोणताही आवाज न करता मिळते, पायाला ओझे जाणवत नाही आणि सिग्नलला थांबलात तरी दिवा काही मिनिटे तेवत राहतो. २०१३ मध्ये इथली डायनॅमोची सक्ती संपली, तरी रोज कामावर जाणारे बरेच जण अजूनही तोच पसंत करतात, कारण 'चार्ज करायला विसरलो' हा प्रकारच उरत नाही.

घाटवाट

ब्रिटनमध्ये २००५ पासून लुकलुकते दिवे कायदेशीर आहेत आणि लंडनच्या गर्दीत ते उपयोगी पडतात, या मतावर मी कायम आहे. पण उत्तरवारा म्हणतात ते लूपसाठी खरे आहे. तिथे स्थिर दिवाच हवा.

अबोली

मी उट्रेख्टला असते. इथेही लुकलुकता दिवा चालत नाही. मात्र दिवा सायकलीलाच हवा असे नाही, छातीवर आणि पाठीवर अडकवला तरी चालतो.

पावसाबद्दल लिहिते. इथले लोक सायकलीसाठी वेगळा पोशाख करत नाहीत. घरातून निघण्यापूर्वी फोनवर पावसाचे रडार पाहतात आणि सर दहा मिनिटांत सरकणार असेल तर दहा मिनिटे थांबतात. समुद्राकडून येणाऱ्या सरींना मध्ये खंड असतात, आणि हे थांबणे बहुतेक वेळा उपयोगी पडते. वरिष्ठांनाही 'सर जाऊ दे, मग निघते' असे सांगितले तर त्यात कुणाला गैर वाटत नाही. थांबूनही पाऊस जाणार नसेल, तर अंगावर सैल पोंचो टाकायचा. त्याचा पुढचा काठ हँडलवर ओढून घेतला की मांड्या कोरड्या राहतात आणि खालून हवा खेळत असल्याने घामही येत नाही.

चक्रधर

अबोलीताई, पोंचोचा सल्ला उट्रेख्टच्या सपाट, वेगळ्या सायकलमार्गांवर योग्य असेल, पण विल्म्स्लो रोडवर शेजारून बस जाते तेव्हा आणि आडव्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो. पुढच्या दिव्यावर त्याचा काठ आला तर दिवा झाकला जातो, आणि हात आत असल्यामुळे वळण्याची खूण करता येत नाही. मी लीड्सला असतो, शनिवारी एका सामुदायिक सायकल दुरुस्ती केंद्रात विनामोबदला काम करतो आणि हिवाळ्यात सायकलींची काय अवस्था होते ते दर आठवड्याला पाहतो.

माझ्या मते कपड्यांच्याही आधी मडगार्ड येतात. पुण्यातल्या साध्या काळ्या सायकलीला ते जन्मापासून असत, इथल्या चकचकीत सायकलींना मात्र नसतात. पाऊस थांबल्यावरही रस्ता तासन्‌तास ओला राहतो, आणि अंग भिजते ते बहुधा वरच्या पाण्यापेक्षा चाकाने उडवलेल्या पाण्याने. पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवा आणि पुढच्याच्या खालच्या टोकाला जमिनीपासून चार बोटे उंच राहील अशी रबरी झूल लावा. पाय कोरडे राहण्यात बुटांवरच्या आवरणापेक्षा या झुलीचा वाटा मोठा आहे.

दुसरी गोष्ट ब्रेकची. तुमच्या सायकलीचे ब्रेक रिमवर दाबणारे असतील, तर ओल्या रिमवर पहिल्या फेऱ्यात ते जवळजवळ पकडतच नाहीत. आधी रबर पाणी पुसून काढते, मग पकड येते. म्हणून सिग्नलच्या बरेच आधी हलके दाबून रिम पुसून घ्यायची सवय लावा. आठवड्यातून एकदा ब्रेकची रबरे काढून उजेडात धरा. त्यांत काळ्या चिखलात रुतलेले चमकदार ठिपके दिसतील. ते रिमचे झिजून निघालेले ॲल्युमिनियम आणि रस्त्यावरची कच असते. दाभणाच्या टोकाने एकेक कण उकरून काढायचा, रबराचा वरचा गुळगुळीत थर पॉलिश पेपरने घासायचा आणि रिम फडक्याने पुसायची. ब्रेक दाबताना येणारा खरखर आवाज तिथेच थांबतो आणि रिमही टिकते. हे न केल्यामुळे एका हिवाळ्यात रिमला चर पडलेल्या सायकली आमच्याकडे येतात.

चेनला ओल्या हवामानाचे तेल घाला आणि वरचे जादा पुसून टाका. बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकू लागले की घरी आल्यावर बादलीभर साध्या पाण्याने सायकल धुवा. पाणी गोठायच्या आत पुसून टाका, नाहीतर गिअरच्या तारा सकाळी हलत नाहीत.

तांबडमाती

मी पुण्यातूनच लिहितो आहे. नोकरीच्या काळात डेक्कनवरून खडकीला सायकलने जात असे, भर पावसातही. आमचा उपाय सोपा होता: भिजायचे, कार्यालयात पोहोचून कोरडा शर्ट घालायचा आणि ओला दोरीवर टाकायचा. इतकी साधने खरोखर लागतात का, असा प्रामाणिक प्रश्न पडला. एक अनुभव मात्र दोन्हीकडे लागू पडावा: साचलेल्या पाण्यातून सायकल घालायची नाही, कारण त्याखाली काय आहे ते दिसत नाही, आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे व गटाराची लोखंडी झाकणे पावसात टाळायची.

माझी मुलगीही इंग्लंडमध्ये शिकते, त्यामुळे तुमच्या आईंचा फोन मला नीट समजतो.

मुठेकाठची

तांबडमातीकाका, पुण्याचा पाऊस मीही अंगावर घेतला आहे आणि तो आवडतो. फरक तापमानाचा आहे. पंचवीस अंशांत भिजणे आणि पाच अंशांत भिजून वारा खाणे यांत खूप अंतर आहे. इथे पहिल्यांदा हातांची बोटे बधिर होतात, आणि बोटे बधिर झाली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही.

चक्रधर, रबरांतले चमकदार कण वाचून लगेच जाऊन पाहिले. तुम्ही लिहिलेत तसेच होते, दाभणाने काढले. मनापासून आभार.

उत्तरवारा

हातांसाठी: हँडलवर कायमचे बसणारे मोठे कोशासारखे मोजे मिळतात. सायकल सोडली तरी ते जागेवर राहतात आणि आत हात पातळ हातमोज्यांतही उबदार राहतो. दिसायला बोजड, पण पावसात त्यांच्याइतके भरवशाचे दुसरे काही मी वापरलेले नाही. अंगाला लागून सुती कापड टाळा. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि अंगाची ऊब काढून घेते. बारीक लोकरीचा एक थर आणि वर काखेत झिप असलेले जॅकेट पुरेसे होते. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल, तर वाटेत घामाने आतून भिजाल. जॅकेट धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य अजिबात वापरू नका, त्याने पाणी झटकण्याचा गुण जातो.

हेमंतपहाट

आतापर्यंत कुणी पिवळ्या जाकिटाचा विषय काढला नाही, म्हणून मी काढते. झगझगीत पिवळे जाकीट घातले की आपण सुरक्षित झालो, असा समज दिसतो. फ्लुरोसंट रंग उजळतो तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे. ढगाळ दिवसा आणि संधिप्रकाशात त्याचा चांगला उपयोग होतो, पण रात्री रस्त्यावरच्या दिव्यांखाली तो जवळजवळ इतर कापडासारखाच दिसतो. अंधारात काम करते ती प्रकाश उलट फेकणारी राखाडी पट्टी. ती सर्वांत उपयोगी ठरते घोट्यांवर: मोटारीच्या दिव्याचा झोत खाली असतो, आणि पेडलबरोबर वर-खाली होणारे दोन ठिपके दिसताच हा सायकलवरचा माणूस आहे हे चालक ओळखतो. घोट्याला बांधायच्या पट्ट्या फार स्वस्त मिळतात.

घाटवाट

पट्टीचे पटले. पण या सगळ्यात एक भार अलगद सायकलवाल्यावर टाकला जातो, याची मला चिंता वाटते. अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, "जाकीट घातले होते का?" ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २९ जानेवारी २०२२ पासून बदल झाले आहेत. ज्याच्या वाहनाने जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त, आणि ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. पाऊस आणि अंधार असेल तर चालकाने आणखी जागा सोडायला हवी. हे चालकांना पुन्हा पुन्हा सांगितले गेले पाहिजे.

हेमंतपहाट

जबाबदारी चालकाचीच, यात वाद नाही. तरी आज संध्याकाळी घरी पोहोचायचे आहे तिला पट्टी बांधायला सांगणे मला आवश्यक वाटते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

ध्रुवतारा

बर्फाचा प्रश्न मागे राहिला आहे, म्हणून लिहितो. मी फिनलंडच्या ओउलू शहरात राहतो. डिसेंबरात आमचा दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो, आणि तरीही शाळकरी मुले सायकलने शाळेत जातात. २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद याच गावात भरली.

मँचेस्टरचा हिवाळा ओउलूपेक्षा सोपा, असे तुम्हाला वाटेल. बर्फाच्या बाबतीत तो मला अधिक अवघड वाटतो. आमच्याकडे उणे दहा अंशांत दाबून सपाट केलेल्या कोरड्या बर्फावर टायर चांगला धरतो. शून्याच्या आसपास वर-खाली होणारे तापमान मात्र घातक असते: दिवसा पाऊस, रात्री आकाश निरभ्र, आणि सकाळी रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा पारदर्शक थर. हवामानखाते सांगते ते तापमान जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपासच्या हवेचे असते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षा जास्त गार होते. म्हणून अंदाजात दोन-तीन अंश लिहिले असले तरी रस्ता गोठलेला असू शकतो. पूल सर्वांत आधी गोठतात, कारण त्यांच्या खालूनही गार हवा जाते. जुन्या रेल्वेवाटेवर पूल असणार आणि सूर्य न पोहोचणारे खोल भागही, तेव्हा तिथे विशेष सांभाळा.

टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे असलेले टायर मिळतात. ते जड असतात, कोरड्या रस्त्यावर कडकड वाजतात, पण पारदर्शक बर्फावर धरणारे दुसरे काहीही नाही. एकच घेणार असाल तर पुढच्या चाकाला घ्या; मागचे घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले की माणूस खाली येतो. खिळे नसताना बर्फावर सापडलात, तर ब्रेक दाबू नका, हँडल वळवू नका, पाय थांबवा आणि सरळ जाऊ द्या.

शिशिरपान

सर्वांचे प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. एक गोष्ट अजून कुणी लिहिलेली नाही आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. मुठेकाठची, तुम्ही दिवे विचारलेत, कपडे विचारलेत, पण तो रस्ताच हिवाळ्यात घ्यावा का, हे विचारले नाहीत.

मी बर्मिंगहॅमला राहते. उन्हाळ्यात सेली ओककडून शहरात कालव्याकाठच्या वाटेने जाते. बदके, बोटी, झाडांची सावली, सगळे मनाला प्रसन्न करणारे. ऑक्टोबर संपला की मी ती वाट सोडते. एका बाजूला काळे पाणी, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये दीड-दोन मीटरची ओली पट्टी आणि दिवे नाहीत. तिथे पडले, पंक्चर झाले किंवा कुणी वाट अडवली, तर हाक ऐकायलाही माणूस नाही. पाचशे ल्यूमेनचा दिवा यातल्या पहिल्या अडचणीवर उपाय आहे, बाकीच्यांवर नाही. एकट्या बाईच्या मनात अंधाऱ्या वाटेवर जे येते ते सर्वांनाच सहज सुचेल असे नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. हिवाळाभर मी ब्रिस्टल रोडलगतच्या निळ्या सायकलमार्गाने जाते. तो २०१९ मध्ये झाला. मोटारींचा आवाज आहे, सिग्नल आहेत, वेळ थोडा जास्त लागतो. पण दिवे आहेत, दुकाने आहेत, माणसे आहेत.

उन्हाळ्याचा रस्ता आणि हिवाळ्याचा रस्ता वेगळा असू द्या. तुमच्या भागात दुसरा पर्याय असेलच.

घाटवाट

शिशिरपान, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. तरी दुसरी बाजू मांडतो. पावसाळी अंधारात मोटारीची काच धुकटलेली असते, समोरच्या दिव्यांची झळाळी ओल्या रस्त्यावर पसरते आणि चालकाला सायकल उशिरा दिसते. आकडेमोडीच्या दृष्टीने मोटारीचा धोका वाटेवरच्या धोक्यापेक्षा मोठा असू शकेल.

शिशिरपान

असू शकेल. पण ज्या वाटेवर रोज जीव मुठीत धरून जावे लागते ती वाट माणूस पंधरवड्यात सोडतो आणि सायकलही तिच्याबरोबर सुटते. हिवाळ्यात सायकल टिकवायची असेल तर मनावरचा हा ताणही हिशेबात धरायला हवा.

चक्रधर

मी काही काळ मँचेस्टरला राहिलो आहे. चॉर्ल्टनहून विल्ब्रहॅम रोड सरळ फॅलोफील्डला जातो. त्यावर दिवे आहेत आणि बसही जातात. हिमवृष्टीत किंवा गारठ्यात मीठ टाकणाऱ्या गाड्या आधी अशाच मुख्य रस्त्यांवर येतात. लूपसारख्या वाटांच्या वाट्याला ते सहसा येत नाही. विल्ब्रहॅम रोडवर मोटारी आहेत हे खरे, पण पुढे ऑक्सफर्ड रोडवर बसथांब्यांच्या मागून जाणारा वेगळा सायकलमार्ग आहे आणि विद्यापीठाजवळच्या टप्प्यात दिवसा खासगी मोटारींना मज्जाव आहे. म्हणजे अवघड भाग फक्त सुरुवातीचा. पुढे शहराच्या मध्यात जाणार असाल तर ट्रामचे रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडा. ओल्या रुळावर तिरके चाक गेले की ते निसटतेच.

अबोली

कार्यालयात कपडे वाळवायला जागा मागा. ओले हातमोजे संध्याकाळी पुन्हा घालणे यासारखे उत्साह घालवणारे दुसरे काही नाही. आमच्याकडे एका बंद खोलीत दोऱ्या बांधल्या आहेत, त्या मागितल्यावरच मिळाल्या.

हेमंतपहाट

आणि ब्रिटनमध्ये १९९९ पासून पगारातून कापून सायकल घेण्याची करसवलतीची योजना आहे. तिच्यात दिवे, मडगार्ड, कुलूप हेही बसते. तुमचे कार्यालय त्यात सहभागी आहे का ते विचारून पाहा.

मुठेकाठची

या आठवड्यात विल्ब्रहॅम रोडने जाऊन पाहिले. शिशिरपान यांनी जे लिहिले ते मला स्वतःशी कबूल करायला जड जात होते, कारण लूप मला फार आवडते. रस्त्याने जाताना मोटारींकडे लक्ष ठेवावे लागले, पण खांदे आखडलेले नव्हते, मागे वळून पाहावेसे वाटले नाही. वाटेतल्या किराणा दुकानांचे दिवे, थांब्यावर उभी असलेली माणसे, यांचा आधार वाटतो हे प्रथमच जाणवले. मार्चच्या शेवटी घड्याळे पुढे जाईपर्यंत जाता-येता हाच रस्ता घ्यायचा ठरवले आहे.

लांब मडगार्ड आणि रबरी झूल बसवली. वरून कापलेल्या झोताचा दिवा मागवला आहे, घोट्यांच्या पट्ट्या आल्या आहेत. वाळवण्याच्या जागेसाठी कार्यालयात अर्ज दिला आहे. खिळ्यांचे टायर सध्या घेत नाही. ज्या रात्री आकाश निरभ्र असेल आणि अंदाज तीन अंश किंवा त्याहून कमी असेल, त्याच्या दुसऱ्या सकाळी ट्राम, असा नियम केला आहे. ध्रुवतारा, हा नियम पुरेसा आहे का?

ध्रुवतारा

नियम योग्य आहे. त्यात एवढेच जोडा: आदल्या संध्याकाळी रस्ता ओला होता का तेही पाहा. कोरडा रस्ता गोठला तरी फारसा निसरडा होत नाही. आणि सकाळी दाराबाहेर पडल्यावर आधी बुटाने फरशी घासून पाहा. पाय सरकला तर सायकल आत ठेवा, अंदाजात काहीही लिहिलेले असो.

तांबडमाती

आईंना तुमचा हा नियम फोनवर सविस्तर सांगा. 'काळजी करू नकोस' यापेक्षा असे काही ऐकले की आम्हा आईबापांना झोप लागते.

मुठेकाठची

काल रात्रीच सांगितला. आता ती पुण्यातून मँचेस्टरचे हवामान पाहते आणि उद्या ट्राम की सायकल ते मला आधी कळवते.